नावाने हाक

माझं काम लोकांना बोलायला शिकवण्याचं आहे. लहान मुलांना नव्हे, मोठ्यांना. चांगली शिकलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी माणसं. पण दोघांना एका टेबलाशी बसवलं की धड दोन वाक्यं सरळ बोलत नाहीत. इथल्या पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात अशांसाठी मी वर्कशॉप घेते. पडद्यावर पहिलाच नियम येतो: समोरच्याला नावाने हाक मारा, माणूस तुमचा होतो. हा नियम मी इतकी वर्षं ठणकावून सांगत आले आहे की त्यात काही खोट असेल, अशी शंकासुद्धा कधी आली नाही.

आईबाबा पुण्याहून आमच्याकडे, इथे परदेशात, राहायला आले होते. एका सकाळी चहा घेता घेता बाबांच्या हातातून कप सुटला. आई "अहो, लक्ष कुठंय?" म्हणाली आणि बाबांनी उत्तर दिलं नाही. नोव्हेना भागातल्या इस्पितळात त्यांचा जीव वाचला. उजवी बाजू मात्र गेली आणि वाचाही गेली.

बोलत नव्हते हे उघड होतं. आम्ही बोलतो ते त्यांना कळतं की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ते बहुतेक वेळ डोळे मिटून असत, उघडले तरी छताकडे बघत. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. समज शिल्लक असेल तर रिहॅबच्या वॉर्डात घेऊ, रोज शिकवू. नसेल तर नुसती शुश्रूषा. आणि ते ठरवणार होती स्पीच थेरपिस्ट, इथलीच एक तरुण चिनी मुलगी, हळू आणि स्वच्छ बोलणारी.

"आत आहेत गं ते," आई म्हणायची. "बोलत नाहीत म्हणजे काय नाहीत का?"

मी मान डोलवायची. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसत नव्हता. त्या डोळ्यांत मला कोणी दिसत नव्हतं आणि त्याची मला भयंकर भीती वाटत होती.

थेरपिस्टची रीत साधी होती. आधी भलतंच नाव घेऊन हाक मारायची, मग खरं नाव घेऊन. खऱ्या नावाला माणूस वळला तर समज आहे, असं धरायचं. तिने बाबांच्या मनगटावरच्या पट्टीवरून त्यांचं नाव वाचलं आणि हाक मारली. काही नाही. तिने पुन्हा मारली. बाबा छताकडे बघत राहिले.

"घरी त्यांना या नावानेच हाक मारता ना?" तिने मला विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आईकडे वळले. कारण घरी त्या नावाने त्यांना कोणीच हाक मारत नव्हतं. मी 'बाबा' म्हणते, त्यांची धाकटी भावंडं 'दादा' म्हणत. बँकेत आडनावापुढे 'साहेब', सोसायटीत 'काका', इथल्या नर्सेसचे ते 'अंकल'. नुसत्या नावाने हाका मारणारी त्यांची आई होती, मामा होते, शाळेतले दोनतीन मित्र होते. सगळे गेले होते. बाबांना नावाने हाक मारणारं या जगात कोणी उरलं नव्हतं, आणि हे मला त्या खोलीत, एका परक्या मुलीने विचारल्यावर कळलं.

मी मारून पाहिली. बापाला नुसत्या नावाने हाक मारताना माझे कान तापले. वर्गात हजेरी घ्यावी तसा आवाज निघाला. बाबा हलले नाहीत.

"अहो," आईने मागून म्हटलं. बाबांची पापणी हलली, निदान मला तसं वाटलं.

"हे त्यांचं नाव आहे?" थेरपिस्ट चटकन म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "हे काही नाव नाही. आपण 'ऐका जरा' म्हणतो, तसं. ती टॅक्सीवाल्यालासुद्धा 'अहो'च म्हणते."

मग ते धरता येणार नाही, असं थेरपिस्ट म्हणाली. ते आवाज ओळखतात की शब्द, हे त्यातून कळत नाही. पण बायकोच्या आवाजाला प्रतिसाद देतात असं दिसतंय, तर त्यांनीच नावाने हाक मारावी. उद्या पुन्हा बघू.

मी हे आईला सांगितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मी नाही घ्यायची नाव."

आईने बाबांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. फॉर्मवर लिहायची, पण तोंडाने नाही. चांगी विमानतळावर कोणाबरोबर आलात असं विचारलं, तर म्हणाली, "मिस्टर," आणि बाबांकडे बोट केलं. या गोष्टीची आम्ही घरात यथेच्छ टिंगल करायचो. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. कॉरिडॉरमध्ये, नर्सेस ये-जा करत असताना, मी आईवर ओरडले.

"एक शब्द बोलायला काय जातंय तुझं? तिकडे त्यांना कोपऱ्यात टाकून देतील, ते चालेल?"

"नाव घेतलं की आयुष्य कमी होतं," ती म्हणाली. अगदी शांतपणे, घराचा पत्ता सांगावा तसं. "आधीच किती राहिलंय त्यांचं? त्यातलं मी कमी करू?"

माझ्याकडे उत्तर होतं. पाच मिनिटांत कोणालाही पटवून देण्याचं तर मी काम करते. पण तिचा चेहरा बघितला आणि तिची पिशवी उचलून मी लिफ्टकडे चालू लागले.

घरी आल्यावर माझ्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "इट्स जस्ट अ नेम, आजी. सो ईझी ला." आजीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

सकाळी आई उठली ती ठेवणीतली चांगली साडी नेसूनच. आधी लिटिल इंडियात जायचं म्हणाली. मी घड्याळ बघत, मनातल्या मनात चरफडत तिच्याबरोबर गेले. सिरंगून रोडच्या देवळात तिने हात जोडले, बाहेरच्या फुलवाल्याकडून फुलं घेतली, तिथंच गजरा माळला. एवढं नटून इस्पितळात कोण जातं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी टॅक्सीला हात केला.

थेरपिस्टने सांगितलं, आधी चुकीची नावं. आईने घडाघडा तीनचार पुरुषांची नावं घेतली, भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या सहज. बाबा छताकडे बघत होते.

मग तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, आणि डोहाळजेवणाला, मंगळागौरीला बायका उभ्या राहून घेतात तसा, हळदीकुंकवाच्या आवाजात उखाणा घेतला. नाव मी इथे गाळते, ते तिचं आहे:

"परमुलखात मिळाली जाई, जुई, शेवंती,
…रावांनी ओ द्यावी, हीच माझी विनंती."

उखाण्यात नाव घ्यायला परवानगी असते. तेवढी एकच फट शोधायला ती रात्रभर जागी होती.

बाबांची मान वळली. आधी डोळे तिच्या गजऱ्याकडे गेले, मग चेहऱ्यावर आले आणि तिथेच थांबले. तोंड वाकडं उघडलं. घशातून एक जाड, ओला आवाज निघाला. ती ओ होती. आईने पलंगाचा कठडा घट्ट धरला आणि मी तिथल्या तिथे रडायला लागले.

बाबांना रिहॅबमध्ये घेतलं. थेरपिस्ट खूश होती. आता रोज, काहीही सांगण्याआधी, त्यांना नावाने हाक मारायची, म्हणजे त्यांचं लक्ष जागेवर येईल, असं तिने बजावलं. दर वेळी उखाणा कसा घेणार? आई नुसतं नाव घ्यायला लागली. पाणी हवं का विचारण्याआधी नाव. कूस बदलण्याआधी नाव. आणि प्रत्येक वेळी नाव घेऊन झालं की तिचा हात मंगळसूत्राकडे जायचा आणि ओठ हलायचे.

"काय पुटपुटतेस?" मी एकदा विचारलं.

"देवाला सांगते, त्यांच्यातलं नको. माझ्यातलं घे."

बाबा सुधारत होते. हाकेला बघत, चमचा डाव्या हाताने धरत. आणि आई दिवसेंदिवस ओढल्यासारखी दिसायला लागली होती. जेवण जाईना. चल, दोन दिवस घरी राहा म्हटलं तर नाही. ऑफिसात तोच पहिला नियम पडद्यावर आला की माझी जीभ अडखळायची. माणूस तुमचा होतो, हे खरं होतं. त्यासाठी दुसरं कोण काय देत होतं, ते पडद्यावर लिहिलेलं नव्हतं.

मग ती दुपार. थेरपिस्ट समोर बसली होती, आई वाटीत पेज घेऊन उभी. तिने नेहमीप्रमाणे नाव घेतलं आणि हात गळ्याकडे नेला. बाबांनी डावा हात उचलला. चमच्यासाठी नव्हे. तळवा तिच्याकडे करून, थांब म्हणतात तसा. ते तिच्या मंगळसूत्रावरच्या बोटांकडे बघत होते. किती दिवस बघत असतील, कोण जाणे.

त्यांचे ओठ हलले, चुकले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. थेरपिस्ट पुढे झुकली.

"अ," बाबा म्हणाले. "अ… हो."

आईला कळेना. त्यांनी हात तिच्याकडून स्वतःच्या छातीवर नेला आणि पुन्हा म्हणाले, "अहो." शिकवल्यासारखं. एवढंच म्हण, असं.

आईने वाटी खाली ठेवली. पदर तोंडावर धरून ती पलंगाच्या कडेला बसली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. मग पदराआडूनच म्हणाली, "अहो." आणि बाबांनी ओ दिली.

"हा शब्द," थेरपिस्ट मला विचारत होती. "पहिला शब्द आहे त्यांचा. 'ऐका जरा' म्हणालात ना तुम्ही? कोणाला तरी बोलावताहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं होतं. ते त्यांचं नाव आहे."