किती वेळात वाळते?

दुकानाच्या मधोमध चकचकीत फरशीवर खिएम म्हातारा गुडघ्यांवर बसला होता आणि तळहात जमिनीला टेकवून आकडे मोजत होता. "छत्तीस, सदतीस, अडतीस..." समोरून तव्याएवढं गोल यंत्र फडकं फिरवत पुढे गेलं होतं, त्याने ओली केलेली पट्टी किती वेळात वाळते ते त्याला बघायचं होतं. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात होती. एका बाईला वाटलं की आजोबांना चक्कर आली, तिने लगेच पाण्याची बाटली पुढे केली. "नको नको, पाणी नको!" खिएम असा काही दचकून ओरडला की बिचारी दोन पावलं मागेच सरली.

"काका, उठा बघू," दुकानदार हाउ म्हणाला. चाळिशीचा माणूस, जिभेवर साखर, पण तीही आता संपत आली होती. "हे आठ हजार पास्कलच्या जोराने धूळ ओढतं. भिंतीच्या कडेला गेलं की हात बाहेर काढून कोपरा पुसतं. गालिचा दिसला की फडकं वर उचलतं. आपल्या चार्जिंगच्या जागी परत आलं की स्वतःचं फडकं स्वतः धुतं, गरम हवेवर वाळवतं. अजून काय पाहिजे माणसाला?"

"फडकं वाळतं ते कळलं. फरशी किती वेळात वाळते?"

"काका, तुम्ही तीन दिवस झाले हेच विचारताय."

"आणि तू तीन दिवस झाले पास्कल सांगतोयस," खिएम म्हणाला.

आता हा काही यंत्राला बिचकणारा माणूस नव्हे बरं का. सायगावातल्या आमच्या गल्लीत चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या त्याने. नुसता आवाज ऐकून सांगायचा, सुई वाकडी आहे की पट्टा सैल. म्हणूनच तर मुलगी उयेन म्हणाली होती, "बा, तुम्हीच निवडा. यंत्रातलं तुम्हाला कळतं." कळतं, डोंबल! हे लेझरवालं, ते कॅमेरावालं, एक फिरकीच्या फडक्याचं, एक लाटण्यासारख्या फडक्याचं, एक तर बोलणारं. वर दुकानदार घरातलं सगळं विचारणार. पलंगाखाली जागा किती, उंबरे किती उंच, फरशीला उतार कुठे. खिएमला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या घरात तो बेचाळीस वर्षं राहत होता, पण घराची जमीन त्याच्या बायकोच्या, थोमच्या ताब्यात होती. रोज दोनदा ती फडक्याने पुसायची आणि खिएम पाय वर घ्यायचा, एवढाच त्याचा संबंध.

थोम बारा दिवस इस्पितळात होती. स्वयंपाकघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. शनिवारी सोडणार होते. उयेनने बापाला स्पष्टच बजावलं होतं. "मा घरी आली की पहिल्या दिवशी फडकं हातात घेणार, तिचा स्वभाव मला माहिताय. ओल्या फरशीवर परत पडली तर डॉक्टर म्हणतात, मग उठणं कठीण. शनिवारच्या आत यंत्राची सोय झाली तर ठीक. नाहीतर मी तिला माझ्याकडे नेते, बाविसाव्या मजल्यावर, कायमची. तुम्ही रविवारी भेटायला येत जा."

रविवारी भेटायला! बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला!

पण खरी गोची निराळीच होती, आणि ती फक्त नवराबायकोलाच ठाऊक होती. त्या दिवशी फरशी थोमने पुसलीच नव्हती. खिएमने पुसली होती.

झालं असं, की खिएमच्या आईच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं. आदल्या दिवशी मेव्हणी येऊन टोमणा मारून गेली, "आमच्या भावजींना काय, आयतं ताट आणि आयती बायको. इकडची काडी तिकडे केली नाही कधी." ते खिएमला लागलं. सकाळी थोम बाजारातून केळीची पानं आणायला गेली तेवढ्यात याने बादली घेतली आणि पुसलं की हो सगळं स्वयंपाकघर! मग अभिमानाने दारात उभा राहिला. थोम आत आली, चुलीवरचं डुकराच्या मटणाचं भांडं उतरवलं, वळली आणि गेली घसरून.

रुग्णवाहिकेत उयेनने फोनवर विचारलं, काय झालं? खिएमने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी स्ट्रेचरवरून थोमच बोलली, "काही नाही गं, मी पुसत होते, माझाच पाय सरकला." दुखण्याने ओठ पांढरे पडले होते बाईचे, तरी खोटं कसं सफाईने बोलली! आणि हा मूग गिळून बसला. तेव्हापासून बारा दिवस बसलाच होता. यंत्र कुठलंही असो, त्याला आधी ओली पट्टी दिसायची आणि मग थोमचा पाय.

त्या गुरुवारी दुकानातून तो हात हलवत परत आला. गल्लीच्या तोंडाशी कॉफीवाली भेटली, म्हणाली, पाण्याचं घेऊच नका, नुसतं ओढणारं घ्या. शेजारचे मास्तर म्हणाले, नुसतं ओढणारं म्हणजे पैसे पाण्यात, इथल्या धुळीला पाणीच पाहिजे. समोरची विधवा म्हणाली, आमच्या भाचीकडे आहे तसलं, मांजराची घाण घरभर सारवून ठेवली मेल्याने. एक ना धड भाराभर चिंध्या! खिएम घरात शिरला आणि दारालगतच मटकन खाली बसला.

बसला तो नेमका ओंग दियासमोर. हा घराच्या जमिनीचा देव. आमच्याकडे प्रत्येक घरात दाराशी, थेट फरशीवर त्याचा लाल देव्हारा असतो. सुटलेलं पोट, हातात पंखा, तोंडभर हसू. त्याला काळी कॉफी लागते, सिगारेट चालते आणि केळ्यांवर तो कुठलंही काम करतो. बायका त्याच्याशी बाजारात घासाघीस करावी तशा बोलतात. थोमचं तर रोजचं भांडण असायचं, "किल्ली सापडवून दे, मग घड मिळेल. आधी काम!"

'जमिनीचा देव आहे, जमिनीचं यालाच कळणार,' खिएमच्या मनात आलं. त्याने कॉफी ठेवली, उदबत्ती लावली आणि देव्हाऱ्यातल्या बशीतली दोन जुनी नाणी उचलली. रीत साधी आहे. प्रश्न विचारायचा आणि नाणी बशीत टाकायची. एक छापा एक काटा पडला तर देवाचा होकार. दोन्ही काटा तर नकार. दोन्ही छापा पडले तर देव हसला, म्हणजे प्रश्नच धड नाही, नीट विचार.

"ओंग दिया, लेझरवालं पहिलं घेऊ का?" दोन्ही छापा. हसला.

"बरं, बोलणारं घेऊ?" दोन्ही छापा.

"मग तिसरं? ज्याची पट्टी आज अडतिसात वाळली ते?" नाणी बशीत गरगरली, एक कडेला टेकलं, पडलं. दोन्ही छापा.

"अरे, हसतोस काय!" खिएम भडकला. "शनिवारी ती जाईल बाविसाव्या मजल्यावर! तिथे तुझा देव्हारा तरी आहे का फरशीवर? कुठलं घेतलं म्हणजे ती पडणार नाही, एवढंच विचारतोय ना मी?"

आणि बोलता बोलता तो अडकला. कारण ती यंत्र नव्हतं म्हणून कुठे पडली होती? थोमने बेचाळीस वर्षं रोज दोनदा तीच फरशी पुसली, कोणी पडलं नाही. ती फडकं असं पिळायची की त्यातून थेंब निघायचा नाही, पुसलेल्या जमिनीवर लगेच अनवाणी चाललं तरी तळवा कोरडा. पडली ती नवऱ्याच्या पराक्रमाने. आणि तिकडे इस्पितळात लेक नर्सला सांगत होती, "आई फार हट्टी आहे हो, वय झालं तरी ऐकत नाही, फडकं सोडत नाही." परवा तर तिने आईच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा काढून घेतला होता, सांडशील म्हणून. थोम भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. खिएम शेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. संत्रं! खिएमला स्वतःचीच अशी शिसारी आली की त्याने नाणी न उचलताच दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी तो इस्पितळात गेला. उयेन आईचे केस विंचरत होती.

"बा, ठरलं का यंत्र?" तिने वर न बघताच विचारलं. "उद्यावर आलंय. नसेल ठरलं तर स्पष्ट सांगा, मी खोली लावून ठेवलीय."

"उयेन, त्या दिवशी फरशी मी पुसली होती," खिएम म्हणाला.

कंगवा थांबला. "काय?"

"तुझी मा बाजारात गेली होती. मी पुसली. तिने हात लावला नव्हता. ती घसरली माझ्यामुळे, आणि खोटं बोलली तेही माझ्यामुळे."

उयेन आळीपाळीने दोघांकडे बघायला लागली. तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बारा दिवस... बारा दिवस मी हिला बोलतेय! हट्टी म्हणतेय, चारचौघांत! आणि तुम्ही ऐकत बसलात? बा, तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तर आलो."

"मग आता मी तिला कुठल्या भरवशावर तुमच्याकडे ठेवू? सांगा ना!"

"नको ठेवूस," खिएम म्हणाला. "ने तुझ्याकडे. तुझं घर चांगलं आहे, लिफ्ट आहे. पण हट्टी म्हणून नेऊ नको. म्हातारी झाली, तिला जमत नाही, असं म्हणून नेऊ नको. तिला सगळं जमतं. जमत नाही ते मला. मी चुकीचं काम करून गप्प बसलो, ते माझ्या खाती टाक."

पलीकडच्या खाटेवरची बाई लापशी खायची थांबून कान देऊन ऐकत होती.

"संपलं का?" थोमने विचारलं. आवाज बारीक होता, पण ठसका तोच. "अहो, बारा दिवस मी एक खोटं सांभाळलं. या खुब्यात सळई घेऊन सांभाळलं. तुम्ही एका सकाळी सांडून मोकळे झालात! कुठली म्हणून वस्तू यांच्या हातात नीट राहत नाही."

"मा, तू का खोटं बोललीस पण?" उयेनचे डोळे भरून आले होते.

"का म्हणजे? बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने फडकं हातात घेतलं. आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगू, की बघा, तुम्ही माझं हाड मोडलंत?"

खिएमने मान खाली घातली. थोमने लेकीच्या हातातून कंगवा काढून घेतला आणि उरलेले केस स्वतःच विंचरायला लागली. या वेळी उयेनने तो परत मागितला नाही.

"मा, तूच सांग," ती हळूच म्हणाली. "उद्या कुठे जायचं?"

"घरी. दुसरं कुठे? यांना एकट्याला सोडलं तर आठवड्यात हेच पडतील, आणि मग उचलायला मी नाही. आणि ते यंत्र आणाच."

"अगं, पण आता कशाला?" खिएम गोंधळला. "तू पुसतेस तेव्हा कोणी पडत नाही..."

"माझ्यासाठी कोण म्हणतंय? तुमच्यासाठी आणायचं. मला अजून दोन महिने वाकता येणार नाही, आणि तुम्ही परत बादलीला हात लावायचा नाही. मुळीच नाही. कुठलं चांगलं आहे त्यातलं?"

"तिसरं," खिएम पटकन म्हणाला. "अडतीस आकडे मोजेपर्यंत फरशी वाळते. पास्कलचं मला विचारू नकोस."

उयेनने डोळे पुसले आणि फोन काढून हाउच्या दुकानाचा नंबर शोधायला लागली. थोमने खिएमला खुणेने जवळ बोलावलं. तो खाटेच्या कडेवर बसला.

"आता खरं खरं सांगा," ती कुजबुजली. "पाणी किती घेतलं होतं?"

"दोन बादल्या."

"पिळलं होतं फडकं?"

"नाही."

"आणि काय घातलं होतं पाण्यात?"

खिएमने दाराकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. "भांड्यांचा साबण. पाव बाटली. तुला बरं वाटावं म्हणून."

थोमने डोळे मिटले. खिएमला वाटलं, आता मात्र चिडली. पण तिने अंदाजानेच त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"तरीच," ती म्हणाली. "पडता पडता फरशी दिसली मला. फार सुंदर चमकत होती हो."