आर्वोची पहार

माझ्या बहिणीचा नवरा, आर्वो लाहती, तळ्यावरून यायचा तेव्हा आधी आवाज यायचा. ठक्. मग पाऊल. पुन्हा ठक्. हातातल्या पहारेनं पुढचा बर्फ ठोकून बघायचा आणि मगच त्यावर भार टाकायचा. भर जानेवारीत, ज्या बर्फावरून लोक खुशाल ट्रक हाकतात त्या बर्फावरसुद्धा. धुकं असलं की माणूस दिसायचा नाही, नुसतं ठक् ठक् जवळ येत राहायचं. अर्धवट झोपेत मला वाटायचं, तळ्याखालून कुणीतरी दार वाजवतंय.

गावातली पोरं हसायची. मीही हसायचे, आणि ते मला शोभायचं नाही, कारण ही सवय त्याला माझ्याच बहिणीनं लावली होती. आमचा थोरला भाऊ तौनो एका नोव्हेंबरात कोवळ्या बर्फातून खाली गेला. त्यानंतर आयलीनं तळ्यावर पाऊल ठेवलं नाही. आर्वोनं तिला मागणी घातली तेव्हा तिनं एकच अट घातली. "ठोकून बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. कबूल?" तो कबूल म्हणाला. आणि हा माणूस एकदा कबूल म्हणाला की संपलं.

तो लोखंडाच्या खाणीत होता. दर महिन्याला पगारातून कापलेले पैसे निवृत्तीच्या खात्यात जायचे आणि तिथून शेअर बाजारात. खाण सुटल्यावर आर्वोनं बाजारासाठीही एक पहार शोधून काढली. कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं, की गेल्या दोनशे दिवसांच्या भावांची सरासरी काढून तिची रेघ ओढायची. बाजार त्या रेघेखाली गेला की बाहेर पडायचं, वर आला की आत शिरायचं. त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. सरासरी लाल पेन्सिलीनं, बाजार निळ्या. रोज संध्याकाळी रेडिओवर भाव ऐकायचे आणि एक ठिपका द्यायचा. आयली मागे बटाटे सोलत बसलेली असायची.

दोन हजार आठच्या जानेवारीत निळी रेघ लाल रेघेखाली उतरली आणि आर्वो सगळे शेअर विकून मोकळा झाला. पैसे खात्यातच, पण रोख, हलत नाहीत असे. "घाबरट," मी म्हणाले. त्याच वर्षी पानगळीत बाजार असा कोसळला की माझ्या नवऱ्याचं खातं चुलीजवळ ठेवलेल्या लोण्यासारखं वितळलं. शनिवारी सौनातली वाफेची अंघोळ आटोपून, लाल झालेल्या अंगानं वेलदोड्याचा पाव आणि कॉफी घेत बसलेली माणसं आर्वोकडे पाद्र्याकडे बघावं तशी बघायला लागली. त्याला विचारल्याशिवाय कुणी काही करेना. तो बिचारा लाजून कपात बघायचा. माझ्या मते त्याचं वाटोळं तिथेच झालं. पहिल्याच खेपेला तो बरोबर ठरला.

पुढच्या उन्हाळ्यात निळी रेघ वर आली. ठरल्याप्रमाणे आता आत शिरायचं.

"मग, टाकतोस ना?" आयलीनं विचारलं.

"हा कोवळा बर्फ आहे," आर्वो म्हणाला. "जरा जाड होऊ दे."

आयली शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पहाटे साडेचारला गजर, मग मोठमोठी पातेली, ओली फरशी आणि तिचे ते गुडघे. खातं पुन्हा कामाला लागलं, जरा वाढलं, की तिनं काम सोडायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. म्हणून तीही बर्फ जाड व्हायची वाट बघत राहिली.

वाट बघण्यात आर्वोचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नव्हता. बर्फाला भोक पाडून, उलट्या बादलीवर बसून, गळ खाली सोडून तो दिवसच्या दिवस काढायचा. सगळं पांढरं, आकाश कुठे संपतं ते कळू नये असं, आणि मधोमध हा एक ठिपका. माझ्या खिडकीतून बघता बघता माझीच तंद्री लागायची. गावात सगळे म्हणायचे, काय धीर आहे या माणसाला! मीही म्हणायचे. आयलीच्या धीराबद्दल कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

बाजार मात्र चढत होता. कागद पुरेना, तर आर्वो त्यावर दुसरा कागद जोडायचा, मग तिसरा. मध्ये एकदोनदा निळी रेघ खाली आली. "बघितलंस?" म्हणून तो खूश झाला, आणि ती पुन्हा वर गेली. रेघ कपाटावरून, घड्याळाला वळसा घालून छतापर्यंत पोचली. आता तो स्टुलावर चढून ठिपका द्यायचा.

"आर्वो, आता छत फोड," मी म्हणाले. "वरच्या खोलीत भरपूर जागा आहे."

"इतक्या वर गेलेलं पडतंच, हेल्मी."

"आणि तोवर माझ्या बहिणीनं पातेली घासायची?"

तो स्टुलावरून उतरला आणि पेन्सिलीला टोक करत बसला. मला त्याचा इतका राग आला की मी माझा पावाचा तुकडा तसाच टाकून घरी आले.

मग तो मार्च आला. मासेमारीच्या झोपड्या काठावर ओढून झाल्या होत्या. बर्फावर पाणी साचलं होतं, कडेचा बर्फ कच्चा होऊन करडा पडला होता आणि धुकं जमिनीला चिकटून सरकत होतं. आर्वो तेवढा आपल्या बादलीवर बसलेला. मी खिडकीशी कॉफी घेत होते. आमच्या बाजूच्या काठावरून कुणीतरी तळ्यावर उतरताना दिसलं. निळा कोट, डोक्याला शाळेच्या स्वयंपाकघरातला पांढरा रुमाल. आयली होती.

मी तशीच चपला घालून पळत काठावर गेले. "आयली, मागे फिर! अगं वेडे!" ती वळली नाही. हातात काठी नाही, काही नाही. पाण्यातून चपक चपक करत ती सरळ चालत होती. प्रत्येक पावलाला मला तौनो दिसत होता. आर्वो उठून उभा राहिला होता, पहार हातात.

ती त्याच्यापर्यंत पोचली. बर्फावरून बोलणं लांबवर येतं. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मी आज राजीनामा दिला," ती म्हणाली. "शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझं काम संपलं."

"अगं, पण पैसे अजून..."

"असतील तेवढ्यात भागवू. माझ्याच्यानं आता थांबवत नाही, आर्वो."

"तू ठोकून न बघता आलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"तेच सांगायला आले. तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं ना, त्यातून तू सुटलास. चल घरी, पाय गारठलेत माझे."

दोघं परत निघाली. ती पुढे, तो तिच्या पावलांवर पाऊल ठेवत मागे. मी कान देऊन ऐकत होते. ठक् आलं नाही. पहार त्यानं खांद्यावर टाकली होती. मी काठावर उभी राहून ढसाढसा रडले, आणि ती वर आल्यावर तिला पोटभर शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी आर्वोनं फोन करून सगळे पैसे बाजारात परत घातले. मधल्या वर्षांत किती हुकलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या जानेवारीत बाजार पुन्हा गडगडला. रेडिओवर तेच, दुकानात तेच. निळी रेघ लाल रेघेच्या बरीच खाली गेली असणार. मी तळं ओलांडून तडक त्यांच्याकडे गेले. सकाळचे दहा वाजले होते. आर्वो स्वयंपाकघरात एकटाच बसला होता. भिंतीवरचे कागद होते तसेच, पण छताजवळच्या ठिपक्यापुढे काहीच नव्हतं.

"आर्वो, ऐकलंस का? सगळं कोसळतंय—"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत आयली झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात रजईबाहेर. पहाटे साडेचारला उठणारी माझी बहीण बाहेर लख्ख उजाडलं तरी घोरत होती.

रेडिओवर बाजारभाव सुरू झाले. आर्वोनं हात लांब करून रेडिओ बंद केला.

"मग आता काय करणार?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"ती उठली की कॉफी," तो म्हणाला. "बस तूही."