लाथेआधीचा नमस्कार

“नमस्कार घ्यायला वय लागतं, करायला नुसती कंबर लागते,” असं सुचेताकाकू म्हणायच्या. दिवाळीला म्हणायच्या, बारशाला म्हणायच्या, आणि एखादं पोर पाया पडताना गुडघ्यापर्यंतच हात नेऊन सटकायला लागलं की त्याची मान धरून पुन्हा म्हणायच्या. नेदरलंड्समधल्या आमच्या टिलबर्गच्या मराठी घरांत काकूंच्या तळव्याची ऊब टाळूला ठाऊक नाही असं एक पोर सापडायचं नाही.

काकू मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याला, चंद्रहासरावांना, इकडं संगणकाची नोकरी लागली, आणि त्यांच्या व्हिसाच्या शेपटाला धरून काकू आल्या. त्याला आता वीस-बावीस वर्षं होत आली. पहिली दोन वर्षं खिडकीत बसून समोरच्या विटा पाहण्यात गेली. मग कुणाच्या तरी साडीला फॉल लावून दिला, कुणाचा ब्लाउज उसवून दिला, आणि बघता बघता आसपासच्या चार गावांत सणासुदीला नेसणारी एकही बाई काकूंच्या टाक्याशिवाय नेसेनाशी झाली. हा सगळा धंदा चालायचा सायकलवर. पुढं टोपली, मागं दोन पिशव्या. काकू कालव्याच्या काठानं निघाल्या की बदकं आपणहून रस्ता द्यायची.

मागच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ओल्या पानांवरून सायकल घसरली. काकू, सायकल आणि कुणाची तरी डोहाळजेवणाची पैठणी, अशी तिन्ही एकाच चरात जाऊन पडली. पैठणी वाचली, कारण काकूंनी ती वर धरली होती. मनगट मात्र प्लास्टरात गेलं. मुलानं, अंबरीशनं, सायकल बागेतल्या शेडमध्ये घातली, तिच्या चाकाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

“आई, तुझा बॅलन्स गेलाय.”

“बॅलन्स नाही गेला, पानं आली.”

“मग प्रूफ दे. जुईच्या तायक्वांदोच्या हॉलमध्ये मोठ्यांचीही बॅच असते. तिथे एका पायावर उभं करतात. पिवळा पट्टा मिळव आणि किल्ली घेऊन जा.”

अंबरीश हे थट्टेनं बोलला. पस्तिशीचा बाप्या, सात वर्षांच्या लेकीचा, जुईचा, बाप, पण आपल्या आईपुढं थट्टा जपून करावी हे काही त्याला अजून कळलेलं नव्हतं. मनगट बरं झालं आणि पुढच्याच बुधवारी काकू नातीचं बोट धरून हॉलवर हजर झाल्या. पांढरा पोशाख, कपाळाला टिकली, केसांचा अंबाडा. पोशाख ढगळ होता म्हणून तो आदल्या दिवशीच दोन्हीकडून आत घेतलेला.

पोरांना सोडायला येणारी आम्ही माणसं तिथं भिंतीकडच्या लांब बाकावर बसतो. चंद्रहासरावही येऊन बसायला लागले. त्यामुळं पुढं जे घडलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या घरात जे घडलं ते कानांनी ऐकलं.

तिथले गुरुजी यून नावाचे. कोरियाचे, चाळिशीचे, अंगानं सडपातळ. त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळं पोरं त्यांना फार भितात. त्यांचा पहिला धडा असा, की हॉलमध्ये पाऊल टाकण्याआधी हॉलपुढं वाकायचं. आत कुणी नसलं तरी वाकायचं. नवी डच माणसं इथंच अडतात. कुणापुढं वाकायचं म्हणून इकडंतिकडं बघतात, कान लाल करतात. काकूंना सांगावं लागलं नाही. त्यांनी वाकून उंबऱ्याला बोटं लावली, डोळ्यांना लावली आणि आत गेल्या.

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?” गुरुजींनी डचमध्ये विचारलं. काकूंचंही डच एव्हाना बरं होतं.

“शिकवायचं काय त्यात? ज्या जागेत आपण पडणार-धडपडणार तिला आधी सांगायला नको?”

गुरुजींचा चेहरा असा उजळला, की त्या दिवशी त्यांनी कुणालाही जास्तीच्या उठाबशा काढायला लावल्या नाहीत. त्यांचा हा आनंद जोड्या लावायची वेळ येईपर्यंत टिकला.

काकूंच्या वाट्याला ब्रॅम आला. हा आमच्या भागातला पोस्टमन, चोवीस वर्षांचा, उंची दोन मीटर. दोघं समोरासमोर उभी राहिली. गुरुजींनी कोरियन भाषेत हुकूम दिला, त्याचा अर्थ सावधान, वाका. ब्रॅम वाकला. एरवी छताजवळ असणारं त्याचं डोकं पिकल्या पपईसारखं काकूंच्या हाताशी आलं. काकूंचा हात आपोआप उठला आणि त्या सोनेरी केसांवर टेकला.

“औक्षवंत हो. मोठा हो.”

“अजून मोठा?” बाकावरून शर्मिला म्हणाली. जुळ्या मुलांना घेऊन येते ती. “मग छताचं काय करायचं, काकू?”

नंतर लाथ. काकूंचा पाय छान उठला, तळ्यातल्या बगळ्यासारखा. ब्रॅमच्या छातीवरच्या गादीला तो लागला मात्र, लगेच काकूंचा हात पुढं झाला, ब्रॅमला स्पर्श करून स्वतःच्या डोळ्यांना लागला. आपल्याकडं कुणाला पाय लागला की हेच करतात, वहीला लागला तरी करतात. साठ वर्षांची सवय ती, लाथेमागोमाग वासरासारखी धावत आली. ब्रॅमला वाटलं, हा खेळाचाच भाग. त्यानं काकूंना लाथ मारली आणि त्यानंही बोटं डोळ्यांना लावली. शेजारच्या जोडीनं ते पाहिलं. महिन्याभरात अर्धा वर्ग लाथ मारून डोळे पुसायला लागला, आणि हिवाळी सर्दीची साथ तर आली नाही ना, म्हणून गुरुजींनी खिडक्या उघडून ठेवल्या.

थंडी सरता सरता पट्ट्यांची परीक्षा आली. काकू एका पायावर उभ्या राहिल्या त्या इतका वेळ, की गुरुजी पुढच्या माणसाकडं वळले आणि यांना पाय खाली ठेवायला सांगायचं विसरले. अंबरीश हे पाहत होता आणि खिशातली किल्ली चाचपत होता. मग लुटुपुटूची लढत झाली. आशीर्वाद, लाथ, डोळे. लाथ, डोळे.

गुरुजींनी मान हलवली. बायकांना ते डच रीतीनं मेव्राउ म्हणतात. “मेव्राउ सुचेता, लाथ चांगली आहे. पण तुम्ही वाकला नाहीत.”

“तुमच्यापुढे वाकले. दारापुढे वाकले. त्या भिंतीवरच्या झेंड्यापुढेसुद्धा वाकले.”

“ब्रॅमपुढे नाही.”

“तो लहान आहे.”

सगळ्यांनी ब्रॅमकडं, म्हणजे वर, पाहिलं.

“गुरुजी, मोठ्यानं लहानापुढे वाकलं तर लहानाचं आयुष्य कमी होतं. आमच्याकडे शेंबडं पोर जाणतं हे. एका पट्ट्यासाठी मी याचं आयुष्य तोडू? याची आई मला काय म्हणेल?”

“किती कमी होतं?” ब्रॅमनं विचारलं. पत्रं वेळेवर पोचवणारा माणूस तो, त्याला हिशेब लागतो.

“ते कुणी मोजलेलं नाही.”

“पण साधारण? वर्षं का मिनिटं?”

गुरुजी तिथंच गादीवर मांडी घालून बसले. म्हणाले, “आमच्याकडेही वय म्हणजे सगळं. नावाआधी वय विचारतात. नव्या वर्षाला लहानांनी जमिनीला कपाळ टेकायचं, मोठ्यांनी बसून घ्यायचं. पण पोर जाणतं झालं, की त्याच्या नमस्काराला मोठाही थोडा वाकतो. कारण वाकणारा माणूस आपली उघडी मान तुमच्यापुढे ठेवतो. त्यानं मान दिली आणि तुम्ही ती नुसती हातात धरून बसलात, असं कसं चालेल? आपलीही द्यायची. मग दोघांच्या हातात काही उरत नाही. राग नाही, वय नाही. नंतरची लाथ ही फक्त लाथ असते.” शेवटी म्हणाले, “भाताची लोंबी भरली की वाकते, असं आम्ही म्हणतो.”

“आमच्याकडचीही वाकते,” काकू म्हणाल्या. “पण ती जमिनीकडे वाकते. शेजारच्या गवताच्या पाया पडत नाही.”

“मी गवत आहे का?” ब्रॅमनं जुईला हळूच विचारलं.

“उंच गवत,” जुईनं सांगितलं.

गुरुजी हसले, पण पट्टा काही दिला नाही. किल्ली अंबरीशच्या खिशातच राहिली. पुढची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी.

मधल्या दिवसांत काकू बसनं हिंडल्या. मांडीवर ब्लाउजांची पिशवी, दोन ठिकाणी बस बदलायची, आणि खिडकीबाहेरून सत्तरीच्या डच बाया सायकलवर ताठ बसून पुढं निघून जायच्या. “ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघते ना, ती नजर मला बघवत नाही,” चंद्रहासराव आम्हाला म्हणाले. म्हणून एकदा जेवताना त्यांनी विषय काढला.

“आपल्या लग्नात तुझ्या वडिलांनी माझे पाय धुतले होते.”

“मग? तेव्हा तुम्ही विष्णू होता. तास-दीड तास.”

“पाय धुतले, हात जोडले आणि माझ्यापुढे वाकले. ते साठीला टेकलेले, मी तिशीचा. माझं आयुष्य कमी झालं?”

काकूंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. दात सगळे स्वतःचे, पोट पुढं आलेलं, हात आमटीच्या पातेल्याकडं निघालेला.

“नाही,” काकू म्हणाल्या. “तसं काही दिसत नाही.”

“मग भात वाढ.”

काकूंनी भात वाढला. पुढच्या बुधवारी त्यांनी ब्रॅमला गाठून विचारलं, “तुझं लग्न झालंय?”

“नाही.”

“बरं आहे. तर मग तू अजून नवरदेव व्हायचा आहेस.”

ब्रॅम दोन पावलं मागं सरकला आणि आठवडाभर काकूंच्या घरची पत्रं घंटा न वाजवता टाकून गेला.

उन्हाळी परीक्षेला बाक भरलेला होता. अंबरीश शेडमधली सायकल गाडीला मागं बांधूनच घेऊन आला होता. आईला नाही मिळाला पट्टा तरी आज किल्ली देऊन टाकू, असं त्याच्या मनात असावं. पण तशी मिळालेली किल्ली त्याची आई कालव्यात फेकून देईल हे आम्ही ओळखून होतो.

हुकूम झाला. ब्रॅम वाकला. काकूंचा हात सवयीनं उठला, अर्ध्या वाटेवर थबकला आणि खाली आला. मग काकू वाकल्या. इतरांसारख्या कंबरेतून जराशा नाही. अंबाडा दिसेपर्यंत, कानामागचा आकडा गळून पडेपर्यंत वाकल्या. पण आजवर त्या ब्रॅमपुढं आशीर्वादाच्या अंतरावर उभ्या राहिलेल्या, नमस्काराला अंतर जास्त लागतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही डोकी ठाणकन आपटली.

“पुन्हा आपट,” काकू वाकल्या वाकल्या म्हणाल्या. “एकदाच आपटलं तर शिंगं येतात.”

ब्रॅमनं पुन्हा आपटलं. गुरुजी छताकडं पाहत राहिले.

आणि मग ब्रॅमला वाटलं, या विधीत डोक्यावर हात ठेवायचा असतो, तो ठेवायला काकू आज विसरल्या. त्यानं आपला फावड्याएवढा पंजा काकूंच्या अंबाड्यावर ठेवला आणि हिवाळाभर ऐकलेलं ते इकडच्या ब्राबांट प्रांताच्या घशातून, खरवडून, म्हटलं, “औक्षवंत हो.”

बाक हसायला लागला होता तो थांबला. काकू उठत नव्हत्या. त्यांच्या डोक्यावर हात ठेवणारं आता या जगात कुणी नव्हतं. वय चढत जातं तसे वरचे हात एकेक करून निघून जातात, आणि मग माणूस नुसता देत राहतो. किती वर्षांनी त्या टाळूला ओझं झालं होतं कुणास ठाऊक. त्या थोडा वेळ तशाच त्या हाताखाली राहिल्या.

मग सरळ झाल्या आणि त्यांनी अशी लाथ मारली, की दोन मीटर पोस्टमन बुडावर बसला. काकूंचे हात मुठी वळून छातीशी होते, तिथंच राहिले. डोळ्यांकडं गेले नाहीत.

“पाय लागला, नमस्कार राहिला,” नंतर शर्मिलानं त्यांना चिडवलं.

“तान्ह्याची लाथ आईला लागते, तेव्हा तान्हं उठून पाया पडतं का?” काकू म्हणाल्या. “मी खाली होते. तो वर होता.”

गुरुजींनी स्वतः त्यांच्या कमरेला पिवळा पट्टा बांधला. अंबरीशनं किल्ली पुढं केली. “हेल्मेट घाल, आई.”

काकूंनी किल्ली घेतली, बाहेर येऊन कुलूप काढलं, सायकलचं पुढचं चाक दाबलं, मागचं दाबलं. दोन्ही मऊ, शिळ्या पुरीसारखी.

“किल्ली जपलीस,” त्या लेकाला म्हणाल्या, “हवा नाही जपलीस.”

“गाडीत बस ना, सायकल मागे बांधतो.”

“पुष्कळ बसले.”

स्वेटरवर पिवळा पट्टा तसाच ठेवून, सायकल हातानं ढकलत त्या कालव्याच्या रस्त्यानं निघाल्या. दारात यून गुरुजी होते, कपाळ चोळणारा ब्रॅम होता, रिकाम्या खिशात हात घातलेला अंबरीश होता, चंद्रहासराव होते, आम्ही बाकावरची माणसं होतो. जुई बापाच्या खांद्यावर चढली होती, आणि पुलाचा चढ आला, काकू पुलाआड उतरल्या, तरी आजी अजून दिसते आहे असं आम्हाला खालच्यांना सांगत होती.