कोहळ्याचा करदोडा

उमाटे बाई गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी वर्ध्यात एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते. "बाई गेल्या, पोरी… सकाळीच," एवढंच ते म्हणाले. मी फोन ठेवला, प्रूफ पुन्हा हातात घेतलं आणि सवयीनं आधी एकच शब्द शोधला. पत्रक पाण्याच्या टँकरबद्दल होतं, त्यात तो शब्द असण्याचं काही कारण नव्हतं. पण गेली सहा वर्षं कुठलंही पत्रक छापायला देण्याआधी मी तो शब्द शोधते. त्याची गोष्ट सांगायची तर बाईंची सांगावी लागते.

सेलूपासून थोडं आत आमचं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, अंगणात कडुलिंब. चौथीला उमाटे बाई होत्या. जगाच्या हवामानाचे पट्टे शिकवायला त्यांनी पृथ्वीचा गोल मागितला होता. तो काही आला नाही, तेव्हा एका सकाळी त्या घरून कोहळं घेऊन आल्या, म्हणजे लाल भोपळा. देठाकडे उत्तर ध्रुव, बुडाशी दक्षिण ध्रुव. मग पिशवीतून काळा करदोडा काढला, लहान पोरांच्या कमरेला बांधतात तोच, आणि कोहळ्याला पाच ठिकाणी गुंडाळला. "कटि म्हंजे कंबर. कंबरेभवती बांधला तो कटिबंध. पृथ्वीचे असे पट्टे हायेत." मागून आमच्यातला एक जण ओरडला, "बाई, कोहळ्याले कंबर कुठं असते? नुस्तं पोट!" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुह्या बाबाले तरी कुठं हाय? बांधतेच ना करदोडा!" वर्ग किती वेळ हसत होता…

नंतर त्यांनी वर्गाचेच कटिबंध केले. टिनाखालची मधली रांग उष्ण, कडुलिंबाच्या खिडकीकडची समशीतोष्ण आणि पाण्याच्या रांजणाजवळचा कोपरा शीत. मार्च लागला की, "बाई, मले शीत कटिबंधात पाठवा ना," असा गलका सुरू व्हायचा. बाई सगळ्यांना पाळीपाळीनं फिरवायच्या. टिनाखाली आठवडाभर बसलेल्यालाच रांजणाजवळ जागा मिळे. न्यायाचा पहिला धडा मी तिथं शिकले, असं आता वाटतं.

वाचायला मात्र मी पत्रकांवर शिकले. बाबा गावातल्या प्रत्येक आंदोलनाची पत्रकं लिहायचे आणि घरात त्यांचे गठ्ठे असायचे. 'आम्ही कटिबद्ध आहोत' हे वाक्य मला बाराखडीबरोबरच पाठ झालं होतं. त्यामुळे बाईंनी विचारलं, "आपण कुठं राहतो?" तेव्हा मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "आपण उष्ण कटिबद्धात राहतो!" बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "अवं, कटिबद्ध तुहे बाबा. आपण कटिबंधात!"

बाईंचा खरा धडा मात्र सुट्टीत असायचा. मे सरत आला, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस लागायची वेळ झाली की त्या घरोघर निरोप धाडायच्या. शाळेच्या अंगणात सरळ बांबू रोवलेला असे. बारा वाजून गेले की त्याची सावली आखडत आखडत बुडाशी यायची आणि नाहीशी व्हायची. आमचीही पायाखाली जायची. "सूर्य डोक्यावर नेमका फक्त उष्ण कटिबंधातच येते. दिल्लीवाल्याले हे कधीच पाह्यले भेटत नाई," असं बाई म्हणायच्या. बाबांना हे फार आवडलं होतं. "दिल्लीवाल्याची सावली लांबच असते, हे आपल्याले माहीतच होतं," असं ते महिनाभर सांगत फिरले.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी बांबूजवळ उभी असलेली एक मुलगी भोवळ येऊन पडली. सावलीत नेल्यावर, पाणी पाजल्यावर ती उठून बसली. मला हे वर्ध्यात तिसऱ्याच कुणाकडून कळलं आणि त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. टिनाच्या छपराबद्दल, न आलेल्या साहित्याबद्दल, आणि शेवटी, 'मुले कुठे राहतात हे सिद्ध करण्यासाठी त्यांना नवतप्यात उभे करणार का?' नाव घातलं नव्हतं. गावात एकच शाळा आणि चौथीला एकच बाई… नाव घालायची गरजच नव्हती. चौकशी आली. छप्पर आहे तसंच राहिलं, बांबू तेवढा निघाला. त्यानंतर बाईंनी तो कधीच रोवला नाही.

आठवड्यानं बाबांनी माझंच पत्रक चार घड्या घालून मला आणून दिलं. बाईंनी परत पाठवलं होतं. मी लिहिलं होतं, 'उष्ण कटिबद्धातील मुले'. त्या शब्दाभोवती लाल पेनानं गोल केला होता आणि बाजूला एकच शब्द होता, 'पुन्हा?' मला तो टोमणा वाटला. सहा वर्षं मी त्यांच्या दाराशी गेले नाही.

बाई आजारी आहेत असं बाबांकडून कळलं, तेव्हा या फेब्रुवारीत गेले. बाई खाटेवर होत्या. फडताळात पाच दोरे बांधलेलं कोहळं होतं. निवृत्तीनंतरही त्या दरवर्षी नवं बांधून ठेवायच्या. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यांनीच विषय काढला.

"तू लिवलं ते बरोबर होतं. बांबूनं उभं राहावं उन्हात. पोट्ट्याइनं काऊन? लिंबाखाली बसूनही दिसतेच ना सावली. माह्या ध्यानातच नाई आलं."

त्यांनी कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं.

"पण तू मले येऊन सांगतलं असतं, तर म्या ऐकलं असतं. या सहा वर्षांत सारे पोट्टे सावली न पाह्यताच पाचवीत गेले."

माझ्या पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ते लिहिण्याआधी सेलूची बस पकडून त्यांच्याकडे जाणं माझ्याच्यानं झालं नव्हतं. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "बाई, पाणी देऊ?" त्यांनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "दे. शीत कटिबंधातलं दे."

बाई गेल्यानंतर, मे संपता संपता मी एक पत्रक काढलं, चार ओळींचं. 'उष्ण कटिबंधात सावली नाहीशी होताना पाहायला या. दुपट्टा बांधून या. कडुलिंबाखाली बसायचं आहे. उन्हात फक्त बांबू.' छापण्याआधी, या वेळी पहिल्यांदाच, शाळेच्या नव्या गुरुजींकडे जाऊन ते वाचून दाखवलं. कटिबंध हा शब्द त्यात एकदाच होता, तो तीनदा तपासला. अकरा मुलं आली. बाबाही येऊन बसले. बाईंच्या सुनेनं कोहळं माझ्या हातात देत म्हटलं होतं, "हे नेजो तू. आमच्याच्यानं चिरवत नाई." ते मधोमध ठेवलं होतं. बांबूची सावली बुडाशी आली तशी एक चिमुरडी उठली, "गेली! ताई, गेली!" म्हणत उन्हात धावली, आणि मीच तिला ओढून सावलीत आणलं.

कोहळं आता शाळेच्या खिडकीत आहे. ते सुकतंय, तसे दोरे सैल होतायत. कर्कवृत्ताचा दोरा जरा खाली घसरून नेमका आमच्या गावावर येऊन बसतो. येता-जाता कुणीतरी तो वर सरकवतं. परवा मीही सरकवला.