खापर तपू दे, मंग टाक!

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. धुळ्याची पारोळा चौफुली. एक पांढरी गाडी, आत तीन माणसं, आणि तिघांचं भांडण.

धुळे-जळगाव अप-डाऊन करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. रोज एक गाडीत चढतो आणि उतरायचं विसरतो. तीस वर्षं मी बातमीदारी केली. पत्रकार परिषदांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, पण या गाडीने जे दिलं ते कुठल्याही मंत्र्याने दिलं नाही. म्हणून आधीच सांगतो, मी या गाडीचा ऋणी आहे. भांडतो, ते वेगळं!

गाडी संजूभाऊंची. ते जळगावच्या एका सरकारी कचेरीत लिपिक. मागे बसतात वैशाली मॅडम, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. पुढे मी. आम्हा तिघांचं वय बघून कुणाला वाटेल, गाडीत भजनं लागत असतील. आमच्या गाडीत रॅप लागतो!

दोष 'बठ्ठा'चा. अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे. धुळ्याच्या चार पोरांनी या नावाचा ग्रुप काढला आणि अहिराणीत असा रॅप केला की मुंबई-पुण्याची पोरं 'आहे'ला 'शे' आणि 'नाही'ला 'नही' म्हणायला लागली. त्यांनी आमच्या कॉलनीतल्या खड्ड्यावर एक गाणं केलं. त्या खड्ड्यावर मी पाच वर्षं लिहीत होतो. गाणं आलं आणि आठ दिवसांत खड्डा बुजला. मला आधी संताप आला. मग मी फॅन झालो.

*

चौघांतला सगळ्यात धारदार पोरगा 'खापर'. हे त्याचं रॅपचं नाव. तो ग्रुप सोडून गेला, त्या दिवशी संजूभाऊंनी गाडी इतकी हळू चालवली की मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला.

"बठ्ठामधून एक गेला तर बठ्ठा कसा राहील हो?" ते म्हणाले.

मागून मॅडमचा शांत आवाज आला, "चारातून एक गेला ना? मग आता त्यांनी नाव 'पाऊण' ठेवावं!"

*

ती बातमी मीच दिली होती. मथळाही माझाच. 'बठ्ठा फुटला, खापर खापरवर!'

सकाळी साडेसहाला एका वाचकाचा फोन. "साहेब, काय फुटलं म्हणे? माठ का हंडा?"

मी गाडीत बसलो तर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. एरंडोलला म्हणाल्या, "तुम्ही तिघांशी बोललात. चौथ्याला फोन केला होता?"

केला नव्हता. मथळा चांगला होता, बातमी अर्धी होती. हे मी छापून पहिल्यांदाच कबूल करतोय.

*

मग खापरचा एकट्याचा अल्बम आला. नाव 'एकला'. आणि गाडीत फाळणी झाली.

संजूभाऊ म्हणाले, "माझ्या गाडीत बठ्ठाच वाजेल! जो पोरगा दोस्तांचा झाला नाही, तो माझा काय होणार?"

"भाऊ, गाडी तुमची आहे, कान आमचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः तीन कचेऱ्या बदलल्या. तेव्हा कुठल्या दोस्तांना विचारलं होतं?"

शेवटी तह मी करून दिला. धुळे ते पारोळा 'बठ्ठा', पारोळा ते जळगाव 'एकला'. परत येताना उलटं. एवढा न्याय्य तह खानदेशात दुसरा झाला नसेल. तरीही संजूभाऊ पारोळा जवळ आलं की गाडी मुद्दाम तीसवर आणायचे!

*

पारोळ्याला सुमनअक्का चढतात. वय साठीच्या पुढचं, आठवड्यातून तीन दिवस, मांडीवर पातेलं. अक्का मांडे करतात. म्हणजे खापरावरची पुरणपोळी. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची. लग्नसराईत त्या मांडवात असतात, एरवी जळगावला चार-पाच घरी पोचवतात.

तहाच्या पहिल्या दिवशी अक्का बसल्या, दार लागलं आणि मॅडमने 'एकला'चं पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला संगीत नाही. नुसता एका बाईचा खणखणीत आवाज : "आरे, खापर तपू दे, मंग टाक!" आणि मग बीट कोसळतो.

अक्कांनी पातेल्यावरचा हात काढला.

"हाई कोन मना आवाजमा बोली राह्यनी?"

संजूभाऊंनी ब्रेक मारला. मागच्या एसटीने आमच्या चौघांच्या घराण्याचा उद्धार केला.

*

मी बातमीदार. 'माझा आवाज आहे' असं कुणी म्हटलं की आधी पुरावा मागतो. अक्का अजिबात चिडल्या नाहीत.

"वाक्यना मांगे खोकला शे का, देखा," त्या म्हणाल्या. "वल्ली लाकडं व्हतीत. धूर मना नाकमा गयथा. आनि एक बाई मले 'लाकडं सरकाव' म्हने."

गाडी कडेला घेतली. मॅडमने हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी एक बाजू माझ्या कानाला लावली. बीट पडायच्या आधी, अगदी मागे, एक खोकला. आणि कुणीतरी दुरून म्हणतंय : "अक्का, लाकडं सरकाव!"

संजूभाऊंना ऐकायचं नव्हतं. त्यांनीही ऐकलं. मग म्हणाले, "अक्का, आजपासून पुढे बसा."

माझी सीट गेली!

*

अ‍ॅपमध्ये गाण्याखाली नावांची यादी असते. मी चष्मा लावून वाचली. बीट कुणाचा, मिक्सिंग कुणाचं, चहा कुणाचा. शेवटी आभार. त्यात स्टुडिओतल्या मांजराचं नाव होतं. आणि आवाजासमोर लिहिलं होतं, 'अज्ञात'.

मांजराला थँक्यू, आणि अक्का अज्ञात! माझं डोकं फिरलं. मी मुंबईला त्या म्युझिक कंपनीला फोन लावला. एक मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, ते सॅम्पल आहे, म्हणजे बाहेरून उचललेला आवाजाचा तुकडा."

"बाई," मी म्हणालो, "सॅम्पल रक्ताचं असतं. ही माणसाची वाणी आहे!"

तिने मला होल्डवर ठेवलं. होल्डवर कुठलं गाणं होतं? तेच! दर अर्ध्या मिनिटाला अक्का माझ्याच कानात म्हणत होत्या, खापर तपू दे, मंग टाक!

*

एव्हाना ते वाक्य बोकाळलं होतं. रिक्षांच्या मागे, टी-शर्टांवर, कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवर. आमच्या भागात एका ठेकेदाराने धो-धो पावसात अर्धवट गार डांबर ओतून रस्ता केला. सकाळी बघतो तर कुणीतरी त्या रस्त्यातच खांब रोवून पाटी लावलेली : 'डांबर तपू दे, मंग टाक!'

मी त्या ठेकेदारावर चार बातम्या केल्या होत्या. त्याला एकही झोंबली नव्हती. या पाटीने तो दुसऱ्या दिवशी रोलर घेऊन हजर!

मी अक्कांना फोटो दाखवला. म्हणालो, "बघा, आख्खा जिल्हा तुमचं वाक्य बोलतोय आणि तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही. मी सोडणार नाही त्याला."

अक्का हसल्या. "भाऊ, भांडू नका. त्या पोऱ्यानी मनं बोलनं खाले पडू दिधं नही. हाई काय कमी शे?"

*

पण एरंडोल गेल्यावर त्या आपणहूनच बोलल्या. चाळीस वर्षं त्यांनी लग्नांत मांडे केले. पत्रिकेत आजोबांचं नाव असतं, मामांचं असतं, ज्यांना बोलताही येत नाही अशा चिमुकल्यांचं असतं. बॅंडवाल्याचं गाडीवर असतं, मंडपवाल्याचं पडद्यावर असतं. मांड्यावर कुणाचं नाव असतं?

"एक डाव मनं नाव लिखेल देखनं शे," अक्का म्हणाल्या. एवढंच.

मी छाती पुढे काढली. "उद्याच! पहिल्या पानावर छापतो!"

"नको भाऊ. तुमना पेपरमा दुसरा दिन भजा बांधतस. गानामा पाहिजे."

संजूभाऊ जळगाव येईपर्यंत हसत होते. मी भजी सोडून दिली.

*

एका रविवारी दुपारी खापर जळगावात आला. कॉलेजच्या हॉलमध्ये चाहत्यांशी गप्पा. आम्ही चौघंही गेलो. संजूभाऊ 'बठ्ठा'चा टी-शर्ट घालून आले, निषेध म्हणून.

प्रश्न सुरू झाले. पोरंपोरी विचारत होती, ग्रुप का सोडला, परत जाणार का, डाएट काय. मी उभा राहिलो. आवाज जरा जास्तच चढला माझा. "तुझ्या पहिल्या गाण्यातली बाई कोण? तू मांजराचे आभार मानतोस, तिचे का नाही?"

मला वाटलं, आता हा पोरगा टोलवणार. त्याने मान खाली घातली.

"काका, मलाही तेच पाहिजे," तो म्हणाला. "ते मी सात वर्षांपूर्वी पारोळ्याकडच्या एका लग्नात मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तेव्हा मला 'खापर' हे नावसुद्धा नव्हतं, रॅपही नव्हता. मी ताटाआधीच चुलीपाशी घुसलो होतो, तेव्हा मांडे करणाऱ्या बाई एका नवखीवर ओरडल्या. मागच्या महिन्यात त्या लग्नघरी जाऊन विचारलं. त्यांना घोडेवाला आठवतो, मंडपवाला आठवतो, फोटोवाला आठवतो. मांडे कुणी केले ते कुणालाच आठवत नाही."

माझ्याकडे दुसरा प्रश्न तयार होता, झोंबणारा. तो विचारायची वेळच आली नाही. शेजारी अक्का उठल्या, पदर खोचला आणि माईकबिईक काही न घेता म्हणाल्या,

"आरे, खापर तपू दे, मंग टाक!"

मी सभा पाहिल्यात, दंगली पाहिल्यात, निवडणुकीचे निकाल पाहिलेत. असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही, जो त्या हॉलमधून उठला. पोरगा व्यासपीठावरून पायऱ्या न घेता खाली आला. अक्कांच्या पायाशी बसला.

"अक्का, मनं नाव तुमना चुल्हावरथीन उनं," तो म्हणाला, "आनि तुमनंच नाव मले माहीत नही!"

मी वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सुमन, पारोळा', आणि त्याच्या हातात दिलं; त्याने आपला नंबर अक्कांना लिहून दिला. संजूभाऊ टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसत होते. जाताना खापरला म्हणाले, "आता पारोळ्याच्या अलीकडेसुद्धा वाजवीन तुला."

*

आठ दिवसांनी मॅडमचा मेसेज आला, यादी बदलली. मी अ‍ॅप उघडलं. 'अज्ञात' गेलं होतं. तिथे लिहिलं होतं : 'आवाज : वेणू, पारोळा'.

वेणू! मी स्वतःच्या हाताने सुमन लिहून दिलं होतं. गाडीत मी पारोळ्यापर्यंत आरडाओरडा केला. एवढ्या मोठ्या कंपनीला तीन अक्षरं धड उतरवता येत नाहीत! मॅडम म्हणाल्या, "हळू बोला, अक्का येतायत."

अक्का चढल्या. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि आधीच माफी मागितली, "चूक झालीय, मी आजच दुरुस्त करायला लावतो."

त्यांनी बोट ठेवून वाचलं. एक अक्षर, मग दुसरं. बराच वेळ बोट तिथेच.

"चूक नही शे," त्या म्हणाल्या. "लगीन व्हयनं तवय सासरनासनी सुमन ठेवं. माहेरनं नाव वेणू. हाई नाव ते मना बाप गया तवयपाईन कोनी लिधं नही."

"पण वडील गेल्यापासून कुणी घेतलंच नाही, मग हे नाव माहीत कुणाला?"

"भाऊले व्हतं. तोबी गया."

"आणि घरात? तुमचे मालक?"

अक्का हसल्या. "त्यासनी ते मले सुमन म्हनीसनबी कधी हाक मारी नही!"

अक्कांनी मोबाईल जळगावपर्यंत परत दिला नाही.

त्या दुपारी मी खापरला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमचा कागद जपून ठेवलाय. पण दुसऱ्या दिवशी एक फोन आला. म्हातारा आवाज होता. म्हणाला, 'तिनं नाव वेणू शे, वेणूच लिखा.' मी 'आपण कोण' विचारलं, तर ठेवून दिला."

त्याने मला नंबर दिला. मी लावला. उचलला तो पारोळ्यात अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा पंक्चरवाला. अक्कांचे मालक दिवसभर त्याच्याच बाकड्यावर बसलेले असतात. म्हणाला, "भाऊ, माझा मोबाईल दुकानात चार्जिंगला पडलेला असतो. गल्लीतलं कुणीही येतं, बोलून जातं."

"बरं, वेणू कोण?" मी विचारलं.

"वेणू?" तो म्हणाला. "आमच्या गल्लीत त्या नावाचं कुणीच नाही."