माहेरचा भाडेकरू

कंपन्या आल्या तशी आमच्या चिंचवडच्या बाजूला खोल्यांना मागणी आली. आम्हीही घराला लागून पत्र्याची एक खोली काढली. धाकट्या मुलाचं लग्न दोन वर्षांनी करायचं होतं. तोवर भाडेकरू, मग ती खोली धाकट्याला, असं ठरलं. नवरा कंपनीत पाळीला जायचा, म्हणून माणूस पारखायचं माझ्याकडे आलं. मला पारख एकच ठाऊक होती, पोरीला स्थळ बघताना करतात ती. गाव कोणतं, मामा कुठला, पाहुणे कोण.

पहिला आला तो मुसलमान मेकॅनिक. बरोबर बायको, दोन लहान पोरी. त्यांना मी ओट्याखालीच उभं ठेवलं. लग्नाचं सांगितलं तर म्हणाला, "मावशी, मग कागद करून घ्या. लग्नाच्या महिनाभर आधी खोली सोडतो. माझी सही."

"आल्या आल्या कागदावर आलास व्हय रं? मनात काळं असल्याबगर कोन कागदाचं काढतंय?"

बायकोनं पोरीला कडेवर घेतलं. खरं सांगायचं तर त्याचं नाव ऐकलं तेव्हाच मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. कागदाचं निमित्त सापडलं.

दुसरा माझ्या माहेरच्या गावचा निघाला. "आत्या" म्हणून पाया पडला. मी चहा केला, किल्ली दिली. माहेरच्या माणसाची सही घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं आम्ही मानायचो.

दोन वर्षांनी लग्न ठरलं. मी खोली मागितली. तो दारात दात कोरत उभा.

"कुठं जाऊ आत्या? म्हायेरच्या पोराला कुनी भाईर काढतं का?"

"लगीन हाय घरात."

"मग करा की. आमी हाय वाढायला."

भावाला बोलावलं. तो भाडेकरूच्याच खोलीत जेवला आणि मला म्हणाला, "आपल्याच मानसाशी कशाला वाकडं घेतीस?"

धाकट्याचा संसार चार महिने स्वयंपाकघरात, लुगड्याच्या पडद्याआड झाला. सून बाहेर यायला लाजायची, मी आत जायला. शेवटी त्यानं निगडीला खोली धरली.

निघताना मी धाकट्याला विचारलं, "मालकिणीनं गाव इचारलं का?"

"न्हाई. खोली कधी सोडनार ते इचारलं. कागदावर सही घेतली."

बाहेर हातगाडीवर ट्रंक चढवायला माझा हा भाडेकरू भाचा पुढं झाला होता. दोर आवळत मला म्हणाला, "आत्या, काळजी करू नका. मी हाय ना हितं."