घाटात पहिला कोण?

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला अंधेरी स्टेशनबाहेरचं एक सायकलचं दुकान आठवतं. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पुण्यापर्यंत सायकलींची शर्यत होती आणि दुकानात वाद पेटला होता. दुकानदार म्हणत होता, गिअरच्या विलायती सायकलीवाला पारशीच जिंकणार. बाकीचे म्हणत होते, पनवेलपर्यंत ठीक आहे, पण बोरघाटात शर्यतीत उतरलेला एक फौजी त्याला गाठेल. माझा थोरला भाऊ माझ्याबरोबर पंक्चर काढून घ्यायला उभा होता. रोज सकाळी सायकलवर पावाची भरलेली पेटी लादून पाली हिलचा चढ चढणारा, अगदी अबोल माणूस. तो हळूच म्हणाला, "मीपण नाव दिलंय." सगळे त्याच्या जड सायकलीकडे बघून खो खो हसले. "या धुडावर? घाटात ढकलत नेशील रे!" त्याने मान खाली घातली, आणि माझं डोकंच फिरलं. "उद्या कॅरिअरला पेटी नसेल ना," मी म्हणाले, "मग बघा!" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शर्यत बघायला गेलेला तो दुकानदार स्वतः आमच्या चाळीत आला. आईला म्हणाला, "पुण्यात सातवा आला तुमचा मुलगा. पण घाटाच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी तोच पोचला. मी या डोळ्यांनी पाहिलं." पुढच्या वर्षी त्या दुकानात घाटासाठी दुसरं नाव कुणी घेतलंच नाही. आता मी ऐंशी ओलांडलीय, पण पुण्याला जाताना गाडी घाट चढून वर आली, की शेजारी कुणीही अनोळखी बसलेलं असो, मी त्याला सांगते, "इथे माझा भाऊ पहिला होता."